तिथीची पाऊणपट

माझे वडील आमच्याकडे कॅनडात किचनरला आले तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. आई गेल्यावर गावातलं घर बंद करून मी त्यांना घेऊन आलो. आमच्या बेसमेंटमध्ये त्यांची खोली केली. खोलीला एक खिडकी आहे, तिचा खालचा काठ अंगणाच्या पातळीला लागतो. डिसेंबरपासून मार्चपर्यंत तिच्यातून फक्त बर्फाची पांढरी भिंत दिसते.

दोन हिवाळे त्यांनी काढले. दोन वर्षांत घरातली एकही गोष्ट त्यांच्यावाचून अडली नाही, आणि हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. गाडी चालवता येत नाही, दारातला बर्फ उपसायला आम्ही देत नाही, थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही, डिशवॉशरमध्ये भांडी लावली तर माझी बायको ती काढून पुन्हा लावणार. गावात ते चाळीस वर्षं शाळामास्तर होते. किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात किल्ला आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं. सहलीला आलेली माणसं, कोळी, पोलीस पाटील, सगळे शाळेच्या व्हरांड्यात येऊन विचारायचे, "गुरुजी, किल्ल्यावर जायला किती वाजता?" बाबा कॅलेंडरकडे न बघता वेळ सांगायचे.

त्यात जादू काही नव्हती. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला. सहा तास आणि वर पंधरा मिनिटं मिळवली की ओहोटी. आमच्याकडच्या किनाऱ्यावर हे गणित शाळेत न गेलेल्यालाही येतं. मला मात्र ते पाहुण्यांसमोर म्हणून दाखवावं लागे. "आज एकादशी. सांग, भरती किती वाजता?" अकराची पाऊणपट करताना मी नऊ वर्षांचा मुलगा अडखळायचो, पाहुणे हसायचे, आणि बाबा मदत करायचे नाहीत. उत्तर येईपर्यंत तसंच उभं ठेवायचे. एकदा मी सव्वासात म्हणालो, खरं उत्तर सव्वाआठ. बाबा पाहुण्यांना म्हणाले, "ह्याच्या भरवशावर निघालात तर पोहून यावं लागेल." सगळे हसले. आई आत गेली. हे मी विसरलो नाही, एवढं इथेच सांगून ठेवतो.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी बाबा म्हणाले, "मला परत जायचंय."

बायको म्हणाली, "एकटे? स्वयंपाक कोण करणार? रात्री काही झालं तर?"

"इथे तरी मी काय करतो? हीटर लावून ठेवलेल्या खोलीत बसतो."

त्यांच्या व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज सप्टेंबरपर्यंत भरायचा होता. सही त्यांची लागणार होती. बायकोचं म्हणणं पडलं की त्यांना समुद्र नाही म्हणून ते असे झालेत. त्याआधीच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना ह्युरॉन सरोवराच्या काठावर नेलं होतं. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, आणि म्हणाले, "अळणी. हे तळं आहे. ह्याला भरती नाही."

बायकोच्या हॉस्पिटलमधली एक सहकारी उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्यावरची. तिने एका कॉटेजची माहिती दिली. कोळ्यांचं जुनं दगडी घर, आठवड्याच्या भाड्याने मिळतं, स्वयंपाक आपला आपण करायचा. घरापासून गाडीने दहा मिनिटांवर एक बेट, आणि ओहोटीला वाळूवरून खांबांच्या खुणेने तिथवर चालत जायची वाट. जेमतेम एक किलोमीटर. बायकोने फोटो बाबांसमोर धरला. "बघा, हे तर तुमच्या किल्ल्यासारखंच."

बाबांनी चष्मा लावून तो फोटो फार वेळ पाहिला. मग म्हणाले, "पायी जाऊन पायी आलो, तर मग बघू राहायचं की नाही ते."

तो फोटो आम्ही त्यांना छापून दिला. त्यांनी तो खोलीतल्या तिथीच्या कॅलेंडरशेजारी टाचला. आम्ही जूनमध्ये जाणार होतो. त्या आठवड्याच्या तिथी त्यांनी एप्रिलमध्येच पाठ केल्या. जेवताना विषय नसताना म्हणायचे, "चतुर्थीला जाऊ आपण. सव्वानऊला पूर्ण ओहोटी. साडेसातला निघालं की खांबाखांबाने आरामात." दोन वर्षांत पहिल्यांदाच ते आम्हाला काहीतरी सांगत होते आणि आम्ही ऐकत होतो. माझी मुलगी सोळा वर्षांची, तिने विचारलं, "आजोबा, हाऊ डू यू इव्हन नो दॅट?" त्यांनी तिला पाऊणपट शिकवली. तिने ती माझ्यापेक्षा लवकर केली. "तुझ्या बापाला वर्ष लागलं होतं," बाबा म्हणाले. मुलगी माझ्याकडे बघून हसली.

कॉटेज चांगलं होतं. दाराची चौकट इतकी बुटकी की मी पहिल्या दिवशी दोनदा डोकं आपटलं. जिना शिडीसारखा उभा. माणसं चार, म्हणून सगळं चाराच्या हिशेबात: ताटं चार, चहाचे मग चार, उकडलेलं अंडं ठेवायच्या वाट्या चार. फ्रिजमध्ये मालकिणीने दुधाची बाटली ठेवलेली, टेबलावर स्कोन आणि जॅम. बायकोने संध्याकाळी मोहरीची फोडणी दिली तशी धुराची घंटी बोंबलायला लागली. मुलगी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत बसली. बाबा हसत होते. खिडकी उघडली तर खारा वास आला. ते खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

अशा घरांमध्ये एक फाईल असते. कचरा कुठल्या दिवशी, शेगडी कशी पेटवायची, डॉक्टर कुठे. ह्या फाईलमध्ये एक छापील तक्ताही होता, बेटाची वाट रोज किती ते किती सुरक्षित आहे त्याचा. आम्ही पोचलो ती द्वितीया. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडी झाल्यावर मी तो तक्ता वाचला. उन्हाळ्यात तिथे दहा वाजेपर्यंत उजेड असतो, दिवासुद्धा लावावा लागला नाही. उद्याच्या, म्हणजे चतुर्थीच्या तारखेसमोर लिहिलं होतं: सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. म्हणजे बरोबर मध्यावर, पाऊण वाजता, पूर्ण ओहोटी. बाबांचे सव्वानऊ. साडेतीन तासांचा फरक.

मी विमा कंपनीत आकड्यांचं काम करतो. फरक दिसला की तो एका दिवसाचा आहे की नेहमीचा, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सामानाच्या यादीच्या मागच्या बाजूला मी सातही दिवस मांडले. एका रकान्यात पाऊणपटीने येणारी ओहोटी, दुसऱ्यात तक्त्यावरून येणारी, तिसऱ्यात फरक. साडेतीन तास, तीन पस्तीस, तीन वीस, साडेतीन. सात दिवसांत कुठेही पंधरा मिनिटांपेक्षा इकडेतिकडे नाही. बाबांचा नियम चुकलेला नव्हता. तो आमच्या किनाऱ्याचा होता, एवढंच. इथल्यासाठी त्यात साडेतीन तास मिळवायचे. चाळीस वर्षं एकाच समुद्रासमोर काढलेल्या माणसाला समुद्रासमुद्रात फरक असेल हे सुचलं नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

बाबा पलीकडच्या खोलीत होते. दार उघडं होतं. ते उद्याचे बूट पुसत होते, फडक्याचा आवाज येत होता. एक वाक्य बोलायचं होतं: बाबा, इथे साडेतीन तास मिळवायचे. ते म्हणाले असते, "असं का? बरं." आणि वर असंही म्हणाले असते की नियम बरोबरच निघाला ना.

मी तक्ता फाईलमध्ये ठेवला, यादी फाईलखाली सरकवली आणि झोपायला गेलो.

थकलो होतो, विसरलो होतो, सकाळी सांगेन म्हणालो होतो, असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. मला त्यांना एकदा उभं असलेलं बघायचं होतं.

सहाला त्यांनी सगळ्यांना उठवलं. त्यांची आंघोळ झाली होती. पांढरी पँट, पुसलेले बूट, हातात काठी. बायकोकडून त्यांनी पोळीचे रोल आणि थर्मॉस भरून घेतला.

"आजोबा, इट्स सिक्स," मुलगी पांघरुणातून म्हणाली.

"समुद्र तुझ्यासाठी थांबत नाही, बाळ. ऊठ."

साडेसातला आम्ही वाटेच्या तोंडाशी होतो. समोर पाणी. खांबांची रांग पाण्यात शिरत गेलेली, लांबच्या खांबांची नुसती टोकं वर. वारा असा की जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागली. वाटेच्या कडेला वेळांचा फलक होता. बाबांनी तो वाचला नाही. त्यांना गरज नव्हती.

"उतरतंय," ते म्हणाले. "अर्ध्या तासात पहिला खांब मोकळा होईल."

अर्धा तास झाला. पहिला खांब होता तसाच होता. कुत्रा फिरवणारा एक म्हातारा थांबला आणि हसून म्हणाला, दहापर्यंत नाही जमायचं. बाबांनी त्याला इंग्रजीत सांगितलं, "नो, नो. क्वार्टर पास्ट नाईन, फुल लो टाईड." म्हाताऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि कुत्र्याला ओढत निघून गेला.

"ह्याला काय कळतंय," बाबा मला म्हणाले. "रोज बघतात, पण हिशेब माहीत नसतो."

मी म्हणालो, "हो ना."

बायको आणि मुलगी गाडीत जाऊन बसल्या. मी बाबांच्या मागे दहा पावलांवर उभा राहिलो. साडेआठ. पावणेनऊ. ते हातातल्या घड्याळाकडे बघत, मग पाण्याकडे, मग बोटं मोजत. चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन. चूक सापडत नव्हती, कारण चूक नव्हतीच. एकदा त्यांनी मागे वळून पाहिलं. पाहुण्यांसमोर उभं राहून मी आईकडे असाच बघायचो. मी नजर खाली घालून फोन काढला आणि काहीतरी वाचत असल्यासारखं केलं.

मुलीने गाडीची काच खाली केली. "डॅड, तू चेक नाही केलंस? यू चेक एव्हरीथिंग."

"आजोबांनी सांगितलंय ना," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली आहेत. तिने पुढे काही विचारलं नाही.

सव्वानऊला बाबा पाण्याच्या अगदी कडेला गेले. एक लाट बुटांवरून गेली, पांढरी पँट घोट्यापर्यंत भिजली. ते मागे हटले नाहीत. पाच मिनिटांनी वळले आणि माझ्याजवळून जाताना म्हणाले, "चल. घरी जाऊ."

आणखी पाऊण तास थांबलो असतो तर वाट उघडली असती. मला मिनिटापर्यंत माहीत होतं. मी गाडी सुरू केली.

मुलीने गाडीतून व्हिडिओ काढला होता. काठी रोवून उभे असलेले बाबा, पुढे समुद्र, आणि मध्येच त्यांनी पाण्याकडे केलेला हात, "उतर, उतर" म्हटल्यासारखा. तो तिने चुलत भावंडांना पाठवला. पुण्याहून हसणारी चित्रं आली. जेवताना तिने तो आम्हालाही दाखवला. बायको आधी "नको गं" म्हणाली, मग तिलाही हसू आलं.

मी म्हणालो, "समुद्राने आपलं कॅलेंडर घेतलेलं दिसत नाही, बाबा."

सगळे हसले. बाबाही हसले. त्यांनी वरणभात संपवला, ताट धुतलं, पुसलं आणि जागेवर ठेवलं.

नंतरचे दिवस चांगले गेले असं कोणीही म्हणेल. ऊन पडलं, आम्ही किनाऱ्याने फिरलो. मुलगी भरती-ओहोटी फोनवर बघून सांगायची. कोणी बाबांना काही विचारलं नाही, आणि त्यांनी आपणहून काही सांगितलं नाही. सप्तमीला वाट सव्वाबाराला उघडणार होती. मी म्हणालो, "बाबा, आज नक्की. मी तक्ता बघितलाय."

"गुडघा दुखतोय. तुम्ही जाऊन या."

"बाबा, तुमच्यासाठी तर आलो इतक्या लांब," बायको म्हणाली.

"मी बघितलं ना त्या दिवशी. पाणी बघायचं होतं, बघितलं."

आम्ही तिघं गेलो. वाळू घट्ट होती. चालायला वीस मिनिटं लागली. बेटावर एक पडकी भिंत, मेंढ्या आणि चहाचं दुकान. मुलीने आजोबांसाठी फ्रिजवर लावायचं लोहचुंबक घेतलं, त्यावर त्या बेटाचं चित्र होतं. परत आलो तेव्हा बाबांनी कॉटेज लखलखीत केलेलं होतं. फाईलमधल्या यादीप्रमाणे भांडी मोजून लावली होती. चमचे, मग, वाट्या, सगळं.

शेवटच्या सकाळी दहाला घर सोडायचं होतं. मी सामान गाडीत भरत होतो. बाबा आत पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या वहीत काहीतरी लिहीत बसलेले दिसले. मी हाक मारली, "चला, उशीर होतोय." त्यांनी वही मिटली. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

किचनरला आल्यावर ते पुन्हा बेसमेंटमध्ये राहायला लागले. जुलै गेला, ऑगस्ट गेला. कॅलेंडरचं पान जूनचंच राहिलं. मुलीने एकदा मुद्दाम विचारलं, "आजोबा, आज काय तिथी?" ते म्हणाले, "गूगल कर, बाळ." तिला ते गमतीचं वाटलं. मला वाटलं नाही.

सप्टेंबरमध्ये मी अर्ज छापून खाली घेऊन गेलो. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने खूण केली होती. नुसता अर्ज पुढे करायला मला संकोच वाटत होता, म्हणून मी एक गोष्ट मनात तयार करून नेली होती. ती त्यांना आवडेल अशी माझी खात्री होती.

"बाबा, परवा सहज एक हिशेब करून बघितला," मी म्हणालो. "तुमचा नियम तिथेही बरोबर होता. फक्त साडेतीन तास मिळवायचे. सातही दिवस जुळतं. तुमचं चुकलं नव्हतंच."

बाबा पलंगावर बसले होते. त्यांनी उशाशी ठेवलेलं चष्म्याचं घर उघडलं, चष्म्याखालून चार घड्या घातलेला कागद काढला आणि उलगडून माझ्यापुढे धरला. एका बाजूला बायकोच्या अक्षरात दूध, कांदे, ब्रेड. दुसऱ्या बाजूला माझे तीन रकाने.

"तुम्ही बेटावर गेलात त्या दिवशी आवरताना मिळाला," ते म्हणाले. "फाईलखाली होता."

त्यांनी कागदाच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं.

"प्रत्येक हिशेबावर तारीख-वेळ घालतोस तू. चांगली सवय आहे. मीच लावली असेन."

कागदाच्या डोक्यावर माझ्या अक्षरात तारीख होती, आणि वेळ, रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. ती तृतीयेची रात्र होती. ते पाण्यापुढे उभे राहिले त्याच्या आदली.

"बाबा, मी..."

"मी त्या वहीत लिहून आलोय," ते म्हणाले. "मराठीतच लिहिलं. तिथीच्या पाऊणपटीत साडेतीन तास मिळवावेत. कोणी आपल्याकडचा माणूस तिथे राहायला आला तर बिचारा फसायला नको."

त्यांनी अर्ज घेतला, पूर्ण वाचला आणि सही न करता परत दिला. मग म्हणाले, "बर्फ पडायच्या आत तिकीट काढ. खिडकीची जागा नको, मला बाथरूमला उठावं लागतं."

"मी लहान असताना तुम्हीही..." मी सुरू केलं. ते वाक्य मी चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं.

"हो," बाबा म्हणाले. "मी लोकांना तुझ्यावर हसवलं. ते मला आठवतंय. पण उत्तर तुला येत होतं, नीट मोजलं असतंस तर आलं असतं. मला येणारच नव्हतं, आणि तुला ते माहीत होतं." मग त्यांनी कागदाच्या घड्या होत्या तशा घातल्या आणि माझ्या हातात दिला. "घे. तुझा आहे."

वर आल्यावर बायकोने विचारलं, "केली सही?" मी नकारार्थी मान हलवली. तिने माझ्या हातातला कागद घेतला, आधी यादी वाचली, मग मागची बाजू. बराच वेळ वाचत राहिली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "पण तू विसरला असशील अशी थोडी आशा होती." मग ती कांदा चिरायला लागली.

ऑक्टोबरमध्ये मी त्यांना पिअर्सन विमानतळावर सोडलं. गाडीत तासभर ते टायर, ट्रक आणि उजव्या बाजूचे मक्याचे कापलेले मळे याबद्दल बोलले. सिक्युरिटीच्या रांगेत शिरताना त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "विंटर टायर्स वेळेवर लाव."

ते आता गावात एकटे राहतात. शेजारची बाई दोन्ही वेळचा डबा देते. मुलीने आणलेलं ते लोहचुंबक आमच्याच फ्रिजवर राहिलं, ते न्यायला ते विसरले असं बायको म्हणते. मी दर रविवारी फोन करतो. त्यांच्याकडे संध्याकाळ असते, मागे समुद्राचा आवाज येतो, आणि घराच्या व्हरांड्यात माणसं आलेली ऐकू येतात. "गुरुजी, उद्या किती वाजता?" बाबा फोन कानाला तसाच ठेवून त्यांना वेळ सांगतात, लगेच, न अडखळता.

गेल्या रविवारी मीही विचारलं, "बाबा, उद्या भरती किती वाजता?"

"तुझ्या फोनमध्ये असेल बघ," ते म्हणाले, आणि पुन्हा त्या माणसांशी बोलायला लागले.